अबू सालेहचा जलसेतू आणि आमची पिवळी होडी

माझ्या नवऱ्याने रियाधमध्ये होडी विकत घेतली. या शहराला नदी नाही, सर्वांत जवळचा समुद्र गाठायला गाडीने चार तास लागतात, आणि चार थेंब पाऊस पडला की शाळांना सुट्टी देतात. होडी हवा भरायची, पिवळीधमक, तीन माणसांची. मंदार तिला 'कनू' म्हणतो. मी एकदा चुकून 'कयाक' म्हटलं, तेव्हा त्याने मला दोन्हींमधला फरक चहा गार होईपर्यंत समजावून सांगितला. तेव्हापासून मी तिला नुसतं 'ती' म्हणते, सवतीला म्हणावं तसं.

ती आमच्या हॉलमध्ये फुगवून ठेवलेली होती आणि माझे बाबा तिच्या कडेवर पाय टेकून टीव्ही बघायचे. ती घरात इतपत उपयोगी पडली होती.

बाबा तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. वय चौऱ्याहत्तर. चौतीस वर्षं त्यांनी कालव्यांवर इंजिनियर म्हणून नोकरी केली. आई दीड वर्षापूर्वी गेली आणि त्यानंतर ते एकटेच राहत होते. मी त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. आमचं घर नवव्या मजल्यावर, माझं ऑफिस शहराच्या ओलाया भागात, मंदारचं बँकेचं आयटी तिथूनच पुढे. आम्ही त्यांना उंच टॉवर दाखवले, मॉल दाखवले, ज्या कॅफेत कॉफीवर पानाचं चित्र काढून देतात ते कॅफे दाखवले. सगळ्याला ते "छान आहे" म्हणायचे. माझ्या हातच्या आमटीलाही "छान आहे".

मी घाबरले ती तेव्हा. कारण हा माणूस जन्मभर तक्रार करत आलेला आहे. फोडणीत हिंग कमी, भिंत ओळंब्यात नाही, गवंडी चोर, जावई आळशी. त्यांनी तीन आठवड्यांत एकही तक्रार केली नव्हती.

म्हणून मग फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही अहसाला निघालो. अहसा म्हणजे पूर्वेकडचा प्रचंड मोठा मरुद्यान प्रदेश, लाखो खजुरीची झाडं. मंदार म्हणाला, तिथे तळं आहे, कनूचा मुहूर्त करू. आमची चौदा वर्षांची ईरा म्हणाली, "डू आय हॅव टु कम?" बाबा म्हणाले, "छान आहे."

रस्त्याचं वर्णन मी करत नाही. रस्ता सरळ आहे आणि दोन्ही बाजूंना वाळू आहे.

शुक्रवार, पिवळं तळं

तळ्याचं नाव असफर, म्हणजे पिवळं. पाणी निळंच होतं, पण आमची होडी पिवळी असल्यामुळे मंदारला हा शुभशकुन वाटला. वाळूच्या टेकड्यांच्या मध्ये एवढं पाणी पाहून मलाही क्षणभर त्याचं म्हणणं पटलं. काठाला पुरुषभर उंच वेत, वर बगळे, आणि पलीकडे वाळूचा कडा थेट पाण्यात उतरलेला. आपल्याकडे तळं म्हटलं की काठावर देऊळ, म्हशी आणि धुणं असतंच. इथे काठावर गालिचा अंथरून एक सौदी कुटुंब बसलं होतं, आणि बाकी काही नव्हतं.

मंदार आणि ईरा लाइफ जॅकेट घालून निघाले. वीस फूट छान गेले. मग वारा सुटला. हवा भरलेली होडी आणि वारा यांचं काय नातं असतं हे त्या विक्रीच्या जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. होडी स्वतःभोवती फिरायला लागली. मंदार डावीकडून वल्हं मारायचा, ईराही डावीकडून मारायची, मग दोघं एकमेकांना "राइट! राइट!" असं ओरडायचे आणि दोघंही उजवीकडून मारायचे. अशा चार गिरक्या घेऊन ते वेतात घुसले आणि दिसेनासे झाले. फक्त ईराचा आवाज येत होता. ती जे म्हणत होती ते तिच्या शाळेत शिकवत नाहीत.

गालिच्यावरच्या बाईंनी मला आणि बाबांना हाताने खूण केली, या, बसा. काळा अबाया, वर सोन्याच्या काडीचा चष्मा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. माझं अरबी इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणापुरतं आणि त्यांचं इंग्रजी नातवाच्या अभ्यासापुरतं. पण नवरा पाण्यात हरवलेल्या बाईला काय लागतं हे त्यांना भाषेशिवाय कळलं. त्यांनी कॉफी ओतली आणि खजुराचं ताट पुढे केलं. "खलास," त्या म्हणाल्या.

मी दचकले. इथे अकरा वर्षं राहिलं की 'खलास' म्हणजे संपलं, हे कानाला पक्कं बसतं. मराठीत तर त्याहून वाईट अर्थ होतो. मी तळ्याकडे पाहिलं. बाई हसल्या आणि खजूर उचलून दाखवला. अहसाच्या सर्वांत नामांकित खजुराचं नावच खलास आहे. मधाच्या रंगाचा, जिभेवर विरघळणारा. मी सात खाल्ले.

मग डबे उघडले. लाल हसावी भात, मटण, वर तळलेला कांदा. हा तांदूळ याच भागात पिकतो, दाणा जाड आणि लाल, चव मातकट आणि गोडसर. बाबांनी दोनदा घेतला. मी आशेने विचारलं, "कसा आहे?"

"छान आहे."

अखेर त्या बाईंचे दीर पांढरा झगा मांड्यांपर्यंत खोचून पाण्यात उतरले आणि होडीचा दोर धरून माझ्या घरच्यांना म्हशीसारखं ओढत काठाला घेऊन आले. दोन वल्ही गेली होती, एकच परत आलं होतं. मंदार सरळ भाताकडे गेला.

शनिवार, रज्जाकभाईंची बाग

दुसऱ्या दिवशी परतताना फक्त खजूर घ्यायला म्हणून आम्ही रज्जाकभाईंकडे थांबलो. रज्जाकभाई मूळचे श्रीवर्धनचे. अबू सालेह नावाच्या एका वृद्ध शेतकऱ्याची बाग ते बावीस वर्षं सांभाळतात. त्यांचा माल मंदारच्या ऑफिसात येतो, तिथली ओळख. फाटकातच त्यांनी हाक दिली, "या, या! मराठीत बोला ओ, इथं मराठी बोलायला मला निस्ता आरसा हाय."

खजुरीच्या बागेत उजेड हिरवा असतो आणि गारवा असतो, आपल्या कोकणातल्या पोफळीच्या बागेत असतो तसा. खाली लसूणघास, लिंबं, मध्येच अंजीर. अबू सालेह एका बाजेवर बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, बारीक, डोक्यावर पांढरं फडकं सैल गुंडाळलेलं. कॉफी झाली. ईरा मोबाइलमध्ये. मंदार आणि रज्जाकभाई खजुराची खोकी बांधत होते. बाबा हात मागे बांधून फिरत पुढे गेले.

आणि अचानक झाडांच्या मागून त्यांचा आवाज आला. "अगं! इकडे ये! लवकर!"

मला वाटलं साप. धावत गेले तर बाबा एका खोल चराच्या काठावर उभे होते. शेतातलं निचऱ्याचं पाणी वाहून नेणारा तो चर बागेचे दोन तुकडे करत होता. त्यावरून दगडी पूल गेला होता. चार कमानी, माणसाच्या डोक्यापेक्षा थोड्या उंच. पण पुलावर रस्ता नव्हता. वर दगडी पन्हळ होती आणि तिच्यातून स्वच्छ पाणी सावकाश वाहत होतं.

"जलसेतू आहे," बाबा म्हणाले. "पाण्यावरून पाणी नेलंय. चुन्याचं काम आहे, बघ. सिमेंटचा कण नाही." मग कपाळाला आठी घालून, "पण तिसऱ्या कमानीची डागडुजी कोणी गाढवाने केलीय. सांधे भरलेच नाहीत."

तक्रार! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पुढचा अर्धा तास बाबा कमानींच्या खाली होते. पँट वर केलेली, बूट काठावर. वितीने मोजत होते, दगडांवर टकटक करत होते. अबू सालेह हळूहळू चालत येऊन वर उभे राहिले आणि रज्जाकभाईंनी दुभाष्याचं काम घेतलं. हा सेतू त्यांच्या आजोबांच्याही आधीचा. पलीकडे असलेल्या विहिरीचं पाणी एका हौदात पडतं, तिथून या पन्हळीने चर ओलांडून अलीकडच्या हौदात येतं आणि मग झाडांना जातं. बाबांचा धंदा काय, हे कळल्यावर अबू सालेहनी त्यांना "या मुहंदिस" अशी हाक मारली. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. बाबांना ती हाक इतकी आवडली की त्यांनी मान लववली.

इकडे मंदार पन्हळीकडे बघत होता. कालच्या पराभवानंतर त्याच्या डोळ्यांत तो भाव मी पहिल्यांदा पाहिला. तो गाडीकडे गेला, टेप घेऊन आला, पन्हळ मोजली.

"एकशे दहा सेंटिमीटर," तो म्हणाला. "कनू नव्वद आहे."

"मंदार, नाही."

"इथे वारा नाही. वेत नाही. फिरायला जागाच नाही, त्यामुळे ती सरळच जाणार!"

रज्जाकभाईंनी भीत भीत हे अबू सालेहना सांगितलं. म्हातारा आधी समजला नाही. मग इतका हसला की काठी टेकून खाली बसला. लहानपणी तो आणि त्याचे भाऊ खजुरीच्या खोडावर बसून हे पाणी ओलांडायचे आणि त्यांच्या आईच्या चपला खायचे. "जा म्हणतायत," रज्जाकभाई म्हणाले. "पन एक अट हाय. पहिला मान मोठ्यांचा. मुहंदिस बसले तर."

बाबा म्हणाले, "मी होडीत बसत नाही. मला पोहता येत नाही."

हे मला नवीन होतं. चौतीस वर्षं पाण्याच्या नोकरीत काढलेल्या माणसाला पोहता येत नाही! ईराने मोबाइल खाली केला. "आजोबा, इट्स लिटरली लेस दॅन नी-डीप."

"बुडायला वीतभर पुरतं."

"देन आय विल सिट विथ यू. प्रॉमिस."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, अबू सालेहकडे पाहिलं, मग सेतूकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तिसऱ्या कमानीवर हलू नका कोणी."

सेतूवर

होडीत तिघंच मावतात, आणि मंदारचं वजन बघता त्याने खाली चरात उभं राहून व्हिडिओ काढावा असं सर्वानुमते ठरलं. पुढे ईरा, मध्ये बाबा, मागे मी. आम्ही विहिरीकडच्या हौदात बसलो. माझ्या हातात उरलेलं एकुलतं वल्हं. बाबांनी होडीच्या दोन्ही कडा अशा धरल्या होत्या की त्यांच्या बोटांचे ठसे अजून तिच्यावर असतील.

पन्हळीत शिरताना दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा उरली. वल्हवायला जागाच नव्हती. मी दगडी कठड्याला वल्ह्याने रेटत ढकलत होते. पण आम्ही जात होतो! दोन्हीकडे खजुरीचे शेंडे, खाली चराचं हिरवं पाणी, आणि आम्ही हवेत, पाण्यावर. पहिली कमान गेली. दुसरी गेली. बाबांनी एक हात सोडला आणि कठड्याच्या दगडावरून फिरवला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मध्ये खरर् असा आवाज झाला आणि होडी तळाला टेकली. मी रेटलं. ईराने हातांनी ओढलं. काही नाही. बाबा वळून बघायला गेले तर ती अजून घट्ट बसली.

"उतरू या," मी म्हटलं.

"बसून राहा," बाबा म्हणाले. आवाज वेगळाच. साइटवरचा. "पाणी वीतभर पण नाहीये. आपल्या तिघांच्या वजनाला अजून चार बोटं पाहिजे. रज्जाकभाई! त्या टोकाला फळीची खाच आहे बघा! फळी टाका!"

सेतूच्या पुढच्या तोंडाशी खरंच खाच होती. रज्जाकभाईंनी एक फळी शोधून अडकवली आणि फटींत गोणपाट कोंबलं. पाणी अडलं. आता ते चढेपर्यंत थांबायचं.

माझ्या आठवणीत एवढं शांत बसलेलं आमचं कुटुंब दुसरं नाही. होले घुमत होते. ईराचा मोबाइल तिच्या वडिलांकडे होता.

"आजोबा, तुम्ही पण असा ब्रिज बनवला होता?" तिने विचारलं. हिंदी नाही, इंग्रजी नाही, मराठीत.

"एक बनवला होता. अठरा गाळ्यांचा. अकरा वर्षं लागली."

"वॉव. त्याच्यावर बोट जाते?"

"पाणीच नाही आलं."

"म्हणजे?"

"वरच्या बाजूचा बोगदा राहिला. मग निधी राहिला. मग मी निवृत्त झालो." बाबा पाण्याकडे बघत बोलत होते. "चाचणीचा दिवस ठरला होता एकदा. तुझी आजी आली होती नारळ घेऊन. नवी साडी, भर उन्हात. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. पाणी आलं नाही."

"मग?"

"मग काय, नारळ घरी नेला. तिने चटणी केली. चांगली झाली होती."

त्या चटणीच्या दिवशी मी कुठे होते, मला आठवेना. कॉलेजात असेन, वसतिगृहात. बाबांच्या त्या सेतूखाली आमच्या गावची मुलं क्रिकेट खेळतात आणि मीही त्यावर जोक केलेले आहेत, लग्नातसुद्धा. बाबा प्रत्येक वेळी हसले होते. आई हसली नव्हती, ते मात्र आठवलं.

ईराने मागे न बघता हात मागे केला आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवला.

होडी हलली. आधी एक टोक, मग दुसरं. पाणी चढलं होतं, आम्ही अलगद उचलले गेलो. ईराने "येस्स!" केलं. बाबा, शपथेवर सांगते, हसत होते, सगळे दात दिसतील असे.

आणि खालून मंदार ओरडला, "अरे! अरे! वरून पाणी येतंय!"

तिसरी कमान. गाढवाने केलेली डागडुजी. एवढ्या पाण्याची तिला सवयच नव्हती. सांध्यातून आधी धार लागली, मग चुन्याचा एक लपका सुटून पडला, मग एक दगड. तो मंदारच्या पायापासून हातभर अंतरावर चिखलात रुतला. अबू सालेह काठी उगारून काहीतरी ओरडले.

"फळी काढा!" बाबा ओरडले. "फळी! फळी!"

पाण्याच्या दाबाने फळी निघेना. रज्जाकभाईंनी पाय लावून ओढली आणि ती एकदम सुटली. अडलेलं सगळं पाणी धावलं, त्याच्याबरोबर आम्ही. तिसरी कमान, चौथी कमान, रज्जाकभाईंचा वासलेला जबडा, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून सर्रकन गेलं. पन्हळीच्या टोकाला हौदात फूटभर उडी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. होडीचं नाक खाली गेलं, बाबा ईरावरून पुढे गेले आणि हौदात पडले.

मी त्यांना हाक मारली की नुसती किंचाळले ते मला सांगता येणार नाही. पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं. ईराने होडीतून सरळ उडी मारली. तिने शर्टाची कॉलर धरली आणि ओढलं. बाबा उभे राहिले. पाणी कमरेइतकंच होतं. चष्मा नव्हता, नाकातोंडातून पाणी येत होतं, खोकत होते. आणि पहिला प्रश्न काय, तर "सेतू कसा आहे?"

चुना

सेतूला छातीएवढं भगदाड पडलं होतं. आम्ही ओळीने उभे होतो, ओले, चिखलाचे, मान खाली घालून. ज्या माणसाने आम्हाला कॉफी पाजली, त्याच्या पणजोबांची वास्तू आम्ही एका हवेच्या होडीपायी फोडली होती. मला रियाध, नोकरी, सगळं सोडून पळून जावंसं वाटत होतं.

बाबा निथळत अबू सालेहच्या समोर गेले. हात जोडले. आणि रज्जाकभाईंची वाट न बघता मराठीत म्हणाले, "चूक माझी आहे. फळी टाकायला मी सांगितलं. तिसरी कमान कच्ची आहे हे मला दिसलं होतं. मी दुरुस्त करून देतो."

रज्जाकभाईंनी अरबीत सांगितलं. अबू सालेहनी भगदाडाकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग त्यांनी आपल्या डोक्यावरचं फडकं काढून बाबांच्या हातात दिलं, डोकं पुसायला. "ती डागडुजी यांनी सोताच केल्याली," रज्जाकभाई हळूच मला म्हणाले. "दोन वर्सं झाली."

गाढव कोण ते बाबांना सांगायचं नाही, असं मी आणि रज्जाकभाईंनी तिथल्या तिथे ठरवलं.

पुढचं भांडण साहित्यावरून झालं. अबू सालेहनी शेडमधून सिमेंटचं पोतं आणवलं. बाबांनी ते पोतं हातांनी मागे ढकललं. "चुन्याला चुनाच लागतो. सिमेंट धरत नाही, दोन पावसाळ्यांत सुटेल."

"बाबा, इथे पाऊस कुठे पडतो?" मंदार म्हणाला.

"तू बोलू नकोस."

दोन्ही म्हातारे आपापल्या भाषेत तावातावाने बोलत होते. रज्जाकभाई आधी एकाचं दुसऱ्याला सांगत होते, मग त्यांनी नाद सोडला आणि चहा ठेवायला गेले. ते परत येईपर्यंत निकाल लागला होता. अबू सालेहचा एक पुतण्या गावात जुन्या घराची डागडुजी करत होता, त्याच्याकडून चुना येणार होता. हे त्यांनी एकमेकांना कसं समजावलं, देव जाणे.

दुपार कलली. रविवारी सकाळी मंदारची मीटिंग, ईराची शाळा. मी बाबांना म्हटलं, चला.

"तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो. चुना भिजवायचा, दगड बसवायचा, मग ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं. आठवडा तरी लागेल."

"बाबा, कपडे नाहीत, गोळ्या तीनच दिवसांच्या आहेत. काहीतरीच काय?"

"गोळ्या इथे मिळतात."

मंदारने वेगळीच शंका काढली. "व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही. इकामा नाही, जबाबदारी घेणारा कफील नाही. उद्या कोणी विचारलं तर?"

"काम कसलं ओ?" रज्जाकभाई म्हणाले. "पावने हायत. पावन्यांनी दगड उचलला तर आमी नको कसं म्हनायचं?"

मी रडकुंडीला आले होते. तासाभरापूर्वी हा माणूस पाण्याखाली गेला होता. मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर मी काय करू? आई असती तर तिने तुम्हाला थांबू दिलं असतं का?"

बाबा चष्म्याशिवाय माझ्याकडे बघत होते, त्यामुळे मी त्यांना नीट दिसत नसणार. "तिने डबा दिला असता," ते म्हणाले.

आम्ही त्यांना तिथे सोडून निघालो. गाडीत कोणी गाणी लावली नाहीत. होडी मागे हवा काढून गुंडाळून ठेवली होती. अर्ध्या वाटेवर ईरा म्हणाली, "आय थिंक ही इज हॅपी, ममा," आणि मग उरलेला रस्ता मी रडले, हे मंदारने कोणाला सांगू नये अशी अट आहे.

पुढचा शुक्रवार

त्या आठवड्यात बाबांचा रोज फोन यायचा आणि रोज तक्रारी असायच्या. वाळू जाड आहे. रज्जाकभाई कालवणात आंबट फार घालतात. अबू सालेह ऐकत नाहीत, वेळेआधी गोणपाट उचलून बघतात. मी प्रत्येक तक्रार ऐकून घेतली आणि फोन ठेवल्यावर ऑफिसच्या जिन्यात जाऊन हसले.

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा बाबा फाटकातही आले नाहीत. चराच्या काठावर होते. रज्जाकभाईंची लुंगी, अबू सालेहचा सदरा, डोक्यावर खजुरीच्या झावळीची टोपी, नाकावर हौदातून शोधून काढलेला चष्मा, हातांना चुन्याने पडलेल्या भेगा. आठवड्यात दोन वर्षांचं ऊन लागल्यासारखे काळवंडले होते. मला बघून म्हणाले, "उशीर केलात. पाणी सोडायचं थांबवून ठेवलंय."

नव्या सांध्यांचा चुना पांढरा होता, जुन्यात उठून दिसत होता. अबू सालेहनी हात वर केला, पलीकडे रज्जाकभाईंनी पंप लावला. पाणी पन्हळीच्या तोंडाशी आलं, थोडं अडखळलं, काड्या आणि पाला पुढे ढकलत निघालं. त्याच्या वेगाने आम्ही काठाकाठाने चालत होतो. भरायला पाव तास लागला.

होडी मंदारने फुगवली. या वेळी तिच्यात फक्त ईरा. एकटीचं वजन, तेवढ्या पाण्यात ती पानासारखी तरंगली. तिने कठड्याला हात लावून स्वतःला ढकललं. "आजोबा! लुक ॲट मी!"

"तू जा पुढे," बाबा म्हणाले, "मी खालून बघतो." आणि लुंगी वर खोचून चरात उतरले. अबू सालेह काठी टेकत त्यांच्या मागोमाग.

पिवळी होडी पहिल्या कमानीवरून गेली, दुसरीवरून गेली. तिसरीवर आली. ईरा मान ताठ करून, जराही न हलता गेली. चौथी ओलांडली, हौदातली उडी आता तिच्या ओळखीची होती, पाणी चारी बाजूंना उडालं आणि मंदारने टाळ्या वाजवल्या.

मी खाली वाकून बघितलं. तिसऱ्या कमानीच्या बरोब्बर खाली दोघं म्हातारे शेजारी शेजारी उभे होते, माना वर करून, दोन्ही हात पुढे, तळवे आभाळाकडे उघडे. हलत नव्हते.

"दुवा मागतायत का?" मंदारने हळू आवाजात विचारलं.

पंपापासून परत आलेल्या रज्जाकभाईंनी वाकून नीट पाहिलं.

"नाय ओ," ते म्हणाले. "गळतंय काय बघतायत."

ईरा हौदातून बाहेर आली, केस पुसून झाले, चहा झाला. त्यांचे हात अजून खाली आले नव्हते.